कडू हात

आमच्या कॉलनीत रोप मागायची कोणाला लाज वाटत नाही. साखर मागायची तर बाई वाटी पदराखाली झाकून येते, रोप मात्र रस्त्यातूनच ओरडून मागते. "ओ ताई, तुमची शेवंती फुटली का? माझी दोन पिल्लं काढून ठेवजा!" शिवरात्र होऊन बुलढाण्याची थंडी जरा ढिली पडली की हा ओरडा सुरू होतो, तो होळीपर्यंत. शेवंतीची पिल्लं, मोगऱ्याच्या फांद्या, कढीपत्त्याच्या बुडाशी फुटलेली रोपं, गुलाबाच्या काड्या, सगळं दुधाच्या पिशव्यांत नाहीतर रंगाच्या रिकाम्या डब्यांत घालून या फाटकातून त्या फाटकात जातं. उन्हाळ्याआधी मुळं धरली पाहिजेत. नंतर नळ दहा-दहा दिवस येत नाही आणि माणसांनाच पाणी पुरत नाही.

यात एक नियम आहे. कोणी घातला माहीत नाही, मी इथं राहायला आले तेव्हा होताच. ज्या घरचं रोप, त्या घरच्या बाईनंच येऊन ते लावून द्यायचं. नुसतं हातावर ठेवून मोकळं व्हायचं नाही. खड्डा तिनं करायचा, माती तिनं दाबायची, पहिलं पाणी तिनं घालायचं. रोप लागलं की तिचा हात गोड. मेलं की तिचा हात कडू.

कॉलनीत सगळ्यात गोड हात कोपऱ्यावरच्या ताईंचा होता. पंचेचाळिशीच्या, बारीक अंगाच्या, सातवी शिकलेल्या. माहेर देऊळघाटकडचं. नवरा गाड्यांच्या गॅरेजात मिस्त्री. लग्नाला सोळा वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. डोहाळजेवणाला त्यांना बोलवायचे, नाही असं नाही. पण ओटी भरायची वेळ आली की कोणीतरी म्हणायचं, "ताई, जरा चहाचं पाहता का?" आणि ताई उठायच्या. कोणी सांगितलं नाही तरी उठायच्या. बायका ओटी भरून गाणी म्हणत असताना त्या आत गॅसपाशी उभ्या असायच्या. मी कितीतरी वेळा पाहिलं आहे. मला तेव्हा त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

रोपांच्या दिवसांत मात्र त्याच बायका ताईंसाठी भांडायच्या. "आधी माह्याकडे या हो, मग तिच्याकडे जा." त्या आठ दिवसांत ताई घरी जेवायलासुद्धा सापडत नसत. नखांत माती, पदर खोचलेला, या अंगणातून त्या अंगणात. मोठ्या काकू म्हणायच्या, "देवानं हिले पोटात नाही देल्लं ते हातात देल्लं." मोठ्या काकू म्हणजे कॉलनीतल्या सगळ्यात जुन्या. मालक कचेरीतून रिटायर झालेले, घर दुमजली, आणि काकू ज्याला हो म्हणतील त्याला कॉलनी हो म्हणते.

आता माझं सांगते. माझे वडील अमडापूरकडचे, तीन एकरवाले. आमच्या खानदानात माझ्याआधी दहावीच्या पुढं कोणी गेलं नव्हतं. मी रोज बसनं येऊन-जाऊन बीएस्सी केलं, बॉटनी घेऊन. पदवीचा फोटो माझ्या हॉलमध्ये टीव्हीच्या वर आहे, आणि तो तिथंच राहील. मी एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहे. कॉलनीत मला मॅडम म्हणतात. शिकवते असं त्यांना वाटतं. मी कधी दुरुस्त केलं नाही. गावाकडची बोलीही मी फाटकाच्या आत आणत नाही, भाऊ आला तर तेवढी.

त्या वर्षी मोठ्या काकूंच्या मुलाचं लग्न ठरलं होतं, वैशाखातलं. काकू अंगणात नवीन वृंदावन बांधून घेत होत्या. एका दुपारी आम्ही चार-पाच जणी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो. काकू ताईंना म्हणाल्या, "वृंदावन झालं की लग्नाच्या आदल्या दिवशी तुळस तूच लावजो वं. तुया हातानं."

"माह्या हातानं?"

"मंग का माह्या हातानं? म्या लावलं तर गवतही जगत नाही."

सगळ्या हसल्या. ताई हसल्या नाहीत. त्यांनी पुन्हा विचारलं, "लग्नाची तुळस? सगळ्यांसमोर?" काकू म्हणाल्या, "हाव बाप्पा, सगळ्यांसमोर. लपून लावतात का तुळस?"

त्या आठवड्यात ताईंनी मला हे तीन वेळा सांगितलं. एकदा नळावर, एकदा किराणा दुकानात, एकदा मुद्दाम माझ्या फाटकाशी थांबून. "मॅडम, सोळा वर्षांत मले पहिल्यांदा कोणी लग्नाच्या घरी पुढं बोलावलं." त्यांनी जुन्या तुळशीच्या मंजिऱ्या हातावर चोळून एका परातीत बी पेरलं होतं आणि ती परात रोज सकाळी उन्हात आणि दुपारी सावलीत ठेवत होत्या. मी म्हटलं, "छान झालं." मनात आलं, एवढं काय त्यात? मला कोणी पुढं बोलावलं नाही म्हणून रडायची वेळ कधी आली नव्हती. पण मला कोणी रोप लावायलाही बोलावत नसे. मी बॉटनीची, आणि माझ्याकडून रोप नेलं तर ते लागेलच याची कोणाला खात्री नव्हती. माझा हात ना गोड ना कडू. हे मला टोचत होतं आणि टोचतं हे मी कबूल करत नव्हते.

म्हणून मी भावाला फोन करून शेणखत मागवलं.

भाऊ पिकअपमध्ये दहा कट्टे घालून आला आणि फाटकातूनच ओरडला, "घे वं बाई, तुयं सोनं! बाबानं सांगतलं, हे खड्ड्याच्या वरवरचं हाय, खालचं पिकलेलं वावरात गेलं. जरा पडू दे म्हने."

"हळू बोल ना," मी म्हटलं.

"काऊन? शेण आणलं, चोरी नाही केली."

कट्टे उतरवेपर्यंत बायका जमल्या. शहरात शेणखत म्हणजे सोनंच. मी तिथंच जाहीर केलं, प्रत्येक घराला खत माझ्याकडून. कुंड्यांना, वाफ्यांना, सगळ्यांना. वर दोन वाक्यं नत्र आणि स्फुरद यांच्यावर बोलले. बायका ऐकत होत्या. मला फार बरं वाटत होतं.

ताई मागून आल्या, एका कट्ट्याचं तोंड सोडलं, कोपरापर्यंत हात आत घातला, मूठभर खत बाहेर काढलं, दाबलं, नाकाशी नेलं.

"मॅडम, हे कच्चं हाय. अजून शेणाचा वास येऊन राह्यला. पिकल्या खताले वास नसते. उन्हात पसरवा, चाळून घ्या, महिनाभर तरी थांबा. याच्यात अळी असते, ते मुळं खाते."

समोरच्या घरातली बाई एकदम टाळी देऊन म्हणाली, "घ्या मॅडम! सातवीनं बीएस्सीले शिकवलं!"

सगळ्या खळखळून हसल्या. भाऊही हसला. ताईसुद्धा हसल्या, पण त्यांच्या हसण्यात काही नव्हतं, हे मला तेव्हाही कळत होतं. मीही हसले. हसता हसता म्हटलं, "अहो ताई, तुमच्या देऊळघाटला असेल तसं. शास्त्रात असं नसतं."

शास्त्रात तसंच असतं. पहिल्या वर्षाच्या पुस्तकात असतं. आणि पुस्तक कशाला, आमच्या बापाच्या खळ्यात मी ते लहानपणापासून ऐकत आले होते.

दुसऱ्या दिवसापासून वाटणी केली. घमेल्यानं मापून घराघरात दिलं. ताईंना दिलं नाही. त्यांनी मागितलं नव्हतं आणि मी विचारलं नाही. उलट मोठ्या काकूंच्या देखत म्हटलं, "ताईंना कशाला, त्यांना आपलं खत कच्चं वाटतं." काकू हसल्या. ताई म्हणाल्या, "राहू द्या, माह्याकडे पालापाचोळ्याचं हाय."

आणि रोपं तर ताईच लावणार होत्या. नियमच तो. त्या वर्षी त्यांनी शेवंती आणि मोगरा इतका वाढवला होता की जवळजवळ प्रत्येक घरात त्यांचंच रोप गेलं. मी त्यांच्याबरोबर फिरले. खत माझं होतं ना. त्या खड्डा करायच्या, चिमूटभर खत टाकायच्या आणि वर पांढरी माती ओढायला लागायच्या. मी म्हणायचे, "ताई, असं कंजूषपणानं नको. ओंजळ भरून टाका."

"मॅडम, मुळाले लागंन."

"टाका हो. लोकांना वाटेल मी दिलंच नाही."

त्या माझ्या तोंडाकडे बघायच्या, घरच्या बाईच्या तोंडाकडे बघायच्या. घरची बाई म्हणायची, "टाका ना ताई, मॅडम म्हणतात तर." मग त्या ओंजळ भरून टाकायच्या. एकेका अंगणात हे झालं. एकाही अंगणात त्यांनी माझ्याशी वाद घातला नाही.

होळी झाली. घाटाच्या रस्त्याला पळस फुलून गळायला लागला होता. तेव्हा पहिल्यांदा समोरच्या बाईचा मोगरा गेला. सकाळी हिरवा, दुपारी मान टाकलेली, संध्याकाळी पाणी घातलं तरी उठला नाही. मग मोठ्या काकूंची शेवंती. मग एका पाठोपाठ एक. पाणी कमी पडलं म्हणून जास्त घातलं, जास्त झालं म्हणून कमी केलं. बायका सकाळी उठून आधी कुंड्यांपाशी जायच्या आणि मग रस्त्यातून ओरडायच्या, "माही पण गेली वं!"

माझ्याकडेही ताईंनीच लावलेला एक मोगरा होता. तोही झुकला. मी तो धरून ओढला तर हातात अलगद आला, जसं काही नुसता मातीत टेकवून ठेवला होता. खाली मूळच नव्हतं. कुरतडलेला बुंधा तेवढा. मी कुंडी उपडी केली. मातीत तीन हुमण्या होत्या, मुळं खाणाऱ्या अळ्या. पांढऱ्या, लठ्ठ, अर्ध्या चंद्रासारख्या वळलेल्या, तपकिरी डोक्याच्या. आमच्या प्रयोगशाळेच्या कपाटात अशीच एक बाटलीत घालून ठेवली आहे. दर वर्षी मुलांपुढं मीच ती बाटली मांडते.

मी त्या चपलेनं चिरडल्या. पाय धुतला. मग ज्या ज्या कुंडीत ते खत होतं ती प्रत्येक कुंडी नेऊन शेजारच्या रिकाम्या प्लॉटवर ओतली, माझी जिवंत रोपंसुद्धा. उरलेले दोन कट्टेही तिथंच टाकले. नवरा ऑफिसातून आला तेव्हा रिकाम्या कुंड्या धुऊन पालथ्या ठेवल्या होत्या. त्याला मी सगळं सांगितलं. त्याच्यापासून काही लपवत नाही.

तो म्हणाला, "सांगून टाक ना. खत कच्चं निघालं म्हणावं. त्यात काय?"

मी म्हटलं, "मग मला मॅडम कोण म्हणेल?"

तो पाय धुवायला गेला. तो मला ओळखतो.

चार दिवसांनी मोठ्या काकूंच्या ओट्यावर पंचायत बसली. पंचायत म्हणजे कोणी बोलावलं नव्हतं, दुपारची कामं आटोपून बायका आपोआप आल्या. ताईंना मात्र निरोप देऊन बोलावलं. त्या आल्या तेव्हा ओट्यावर जागा असून कोणी सरकलं नाही. त्या खाली पायरीशी उभ्या राहिल्या.

समोरची बाई म्हणाली, "ताई, तुमच्याकडची मेली का हो एखादी?"

"नाही बाई. माह्याकडं चांगली हायेत."

"चांगली हायेत! ऐकलं का? घरी ठेवली ते जगली, अन आमाले देल्ली ते मेली!"

"मोगरा तर भरून आलाय तिचा," आणखी एक जण म्हणाली. "मी कालच पाहिला भिंतीवरून."

ताई गोंधळल्या. एवढा वेळ त्यांना वाटत होतं की आपल्याला उपाय विचारायला बोलावलं आहे. तशाच लगबगीनं त्या आल्या होत्या, हातात खुरपं घेऊन. त्या म्हणाल्या, "असं कसं म्हणता? एकाच झाडाच्या फांद्या हायेत साऱ्या. काकू, तुमची शेवंती उपटली का? आणा बरं."

काकूंनी वाळलेलं रोप आणून पायरीवर टाकलं. ताईंनी ते उलटं धरलं. "हे पाहा. मूळ खाल्लेलं हाय. हे अळीचं काम हाय. खत कच्चं होतं." आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. साक्षीदाराकडे बघतात तसं. "मॅडमले विचारा. त्याईले माहीत असंन."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. काकू म्हणाल्या, "हाव, मॅडम, तुम्ही सांगा. तुम्ही शिकेल हा."

मी ते रोप हातात घेतलं. कुरतडलेला बुंधा शाळेतल्या पोरानंही ओळखला असता. मी ते इकडून तिकडून फिरवलं, नखानं जरा खरवडलं, आणि म्हटलं, "मर रोग आहे."

मर रोग हा शब्द त्या प्रत्येकीला माहीत होता. प्रत्येकीचं माहेर शेतीचं. हरभरा मर रोगानं जातो, तूर जाते, हे ऐकतच त्या मोठ्या झाल्या.

"मुळात बुरशी असते," मी पुढं म्हटलं. "ती मातीतून वर चढते. बहुतेक रोपातूनच आली. शेणखतानं रोप मरत नाही, जगतं."

"रोपातूनच," समोरची म्हणाली.

"अन मंग हिची काऊन नाही मेली?" काकूंनी विचारलं.

 मी पुन्हा नखानं बुंधा खरवडायला लागले. उत्तर समोरच्या बाईनं दिलं. "कशी मरतीन? आपल्यासाठी चांगलं ठेवलं अन लोकाईले रोगट वाटलं. जिच्या पोटाले काही लागलं नाही, तिच्या हाताचं काय लागंन? आपणच येडे, दरसाल नाचून राह्यलो तिच्यामागं."

कोणीतरी "असं बोलू नये वं" म्हणालं, पण हळू, आणि हसत.

ताई माझ्याकडेच बघत होत्या. तोंड जरा उघडं होतं. मला वाटलं, आता म्हणतील, 'ओंजळ भरून टाका असं यांनीच म्हटलं होतं.' प्रत्येक अंगणात म्हटलं होतं, प्रत्येकीनं ऐकलं होतं. मी त्याचंही उत्तर तयार ठेवलं होतं.  त्यांनी नुसतं वाळलेलं रोप माझ्या हातातून घेतलं, पायरीवर पडलेली माती पदरानं पुसली आणि निघून गेल्या. खुरपं तिथंच राहिलं. काकूंनी ते मोलकरणीच्या हातून पाठवून दिलं.

दोन दिवसांनी सकाळी त्या माझ्याकडे आल्या. फाटकाबाहेरूनच हाक मारली. आत या म्हटलं तर आल्या नाहीत. हातात काड्यापेटी होती. ती उघडून दाखवली. आत ओलसर मातीत एक हुमणी होती, जिवंत.

"प्लॉटवर माती ओतलेली हाय तठी सापडली. आणखी पाहिल्या, पण वरच्या उन्हानं मेल्या अन पाखरं खाऊन राह्यले. एवढी एकच धड सापडली."

ती माती कोणाची, हे त्यांनी विचारलं नाही. त्यांना माहीत होतं, त्यांचं घर त्याच प्लॉटला लागून आहे.

"मॅडम, मी तुमचं नाव नाही घेणार. खत कोणाचं, काय, काहीच नाही बोलणार. तुम्ही फक्त एवढं सांगा काकूले, की अळीनं मुळं खाल्ली. कुठून आली ते नका सांगू. मातीतून आली म्हना. माह्या हातानं नाही मेली, एवढंच म्हना." आणि मग जरा थांबून, "लग्नाले वीस दिवस राह्यले. तुळस बोटभर झाली हाय. काकूनं काल मले पाहून तोंड फिरवलं."

मी काड्यापेटीसाठी हात पुढं केला. "द्या. कॉलेजात सरांना दाखवते. त्यांनी सांगितलं की काकूंना पक्कं सांगता येईल."

त्यांनी लगेच दिली. दोन्ही हातांनी दिली. म्हणाल्या, "तुमचे लय उपकार होतीन."

त्या वळल्यावर मी आत येऊन ती संडासात रिकामी केली आणि पाणी सोडलं. पेटी चुलीत टाकली असती, पण आमच्याकडे गॅस आहे, म्हणून कचऱ्यात टाकली.

पुढचे काही दिवस त्या फाटकाशी दिसायच्या. विचारायच्या नाहीत, नुसतं बघायच्या. एकदा विचारलं, "सर काय म्हनले?" मी म्हटलं, "सर रजेवर आहेत." पुन्हा एकदा विचारलं. मी म्हटलं, "अळी मरून गेली हो ताई, ओळखता आली नाही." त्या म्हणाल्या, "असं का," आणि मान हलवली. त्यानंतर त्यांनी मला कधी काही विचारलं नाही. दुसरी अळी शोधायला त्यांना कोणी अंगणात येऊ दिलं नसतं. तोवर बायकांनी कुंड्यांची माती टाकून नवी भरली होती, नर्सरीतून रोपं आणली होती, आणि ती मोलकरणींकडून लावून घेतली होती.

लग्नाच्या आदल्या दिवशी वृंदावनाला रंग देऊन झाला होता, गेरू आणि चुन्याचा. काकूंनी मला बोलावलं. "मॅडम, तुम्हीच लावा आता. शिकेल सवरेल हात, दोन लेकरं हायेत पदरी." मला माहीत होतं बोलावतील. मी नेसायची साडी दोन दिवस आधीच काढून ठेवली होती. नर्सरीतली तुळस होती, काळी प्लॅस्टिकची पिशवी कापून मी ती आत ठेवली, माती दाबली, तांब्यानं पाणी घातलं. बायकांनी हळद-कुंकू वाहिलं. नवरदेवाच्या आत्यानं विचारलं, "या कोण?" काकू म्हणाल्या, "मॅडम आहेत. बॉटनीच्या." फोटो काढला. तो फोटो लग्नाच्या अल्बममध्ये आहे.

ताई आल्या नाहीत. त्यांचा नवरा लग्नाच्या दिवशी एकटाच आला, मागच्या पंगतीत जेवला, काकूंच्या मालकांना नमस्कार केला आणि गेला. तुळशीची परात त्यांनी काय केली ते मला कळलं नाही. मी विचारलंही नाही.

यानंतर आमच्या कॉलनीत रोपांचा हात माझा झाला. वर्षभरात मी बरंच शिकले. खत चाळते, उन्हात पसरते, महिना दोन महिने पडू देते. ज्या गोष्टी शास्त्रात नसतात असं मी म्हणाले होते त्या सगळ्या करते. पुढच्या शिवरात्रीला बायका माझ्या फाटकाशी ओरडायला लागल्या. "मॅडम, आधी माह्याकडे!" खरं सांगते, मला ते आवडलं. अजूनही आवडतं. डिग्री मिळाली त्या दिवशी गावात पेढे वाटले होते, तेव्हाही इतकं बरं वाटलं नव्हतं, कारण तेव्हा ज्यांनी पेढे खाल्ले त्यांना डिग्री म्हणजे काय हे कळत नव्हतं. इथल्या बायकांना हात म्हणजे काय हे कळतं.

कुरतडल्या मुळाचं ते रोप माझ्या हातातून घेताना ताईंची बोटं माझ्या बोटांना लागली होती, थंड होती, एवढं मात्र कधी कधी आठवतं. मग मी दुसरं काम काढते.

ताई कुठं गेल्या नाहीत. तिथंच राहतात. त्यांचं अंगण अजून कॉलनीत सगळ्यात गर्द आहे. त्याचंही बोलणं होतं, "आपल्यापुरती गोडी, लोकांसाठी कडू." ओटीच्या वेळी चहा करायला म्हणूनही आता कोणी बोलावत नाही. कोणाच्या पोराला ताप आला, दूध नासलं, कुंडी फुटली, तरी कोणीतरी हसत कोपऱ्याकडे बोट दाखवतं. खरं मानून नाही म्हणत. पण म्हणतात. मी त्यात कधी भर घातली नाही, आणि थांबवलंही नाही.

या फाल्गुनात मोठ्या काकूंची सून माझ्याबरोबर फिरायला निघाली होती. तिला पाचवा महिना. शहाणी पोरगी आहे, जालन्याकडची, कॉलनीतलं जुनं काही तिला फारसं माहीत नाही. कोपऱ्यावर आलो तर ताईंचा मोगरा भिंतीवरून बाहेर लोंबत होता, कळ्यांनी गच्च. ताई आत झाडांना पाणी घालत होत्या, एका डब्यानं, थेंब न सांडता. भिंत कमरेएवढी. आम्ही तिघी एकमेकींना दिसत होतो.

सून म्हणाली, "मॅडम, किती भारी आहे हा मोगरा! या ताईंना एक फांदी मागू का? त्याच लावून देतील ना? सासूबाई म्हणाल्या, इथं तसंच असतं."

ताईंनी डबा खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. पोरीकडे नाही, माझ्याकडे. मागितलं तर देऊ का, असं विचारावं तशा उभ्या होत्या. हात पदराला पुसत होत्या. नुसतं 'मागून बघ' म्हटलं असतं तरी चाललं असतं. तेवढ्यानं सगळं मिटलं असतं असं नाही, पण तेवढं झालं असतं.

मी सुनेचा दंड धरला आणि म्हटलं, "तुला दिवस आहेत. इथून काही नको नेऊ."

पोरीचा हात लगेच पोटावर गेला. ताई आत गेल्या. दार लावल्याचा आवाज आला नाही, हळू लावलं असेल. मी पोरीला माझ्या घरी आणलं, माझ्या मोगऱ्याची एक चांगली फांदी कापली, आणि त्याच सकाळी काकूंच्या अंगणात ती माझ्या हातानं लावून दिली.